लहानपणी अत्याचार, मोठेपणी पुन्हा तेच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न समुपदेशनाच्या खोलीत विचारले गेले, पालकसभा संपल्यावर जिन्यात विचारले गेले, आणि बरेचदा फोनवर, "माझ्या एका मैत्रिणीचं आहे" अशा सुरुवातीने. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत, ते बोचरे असले तरी. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे गैरसमज जास्त आहेत. वाचताना छातीत धडधडायला लागलं तर थांबा, पाणी प्या, उद्या वाचा.

लहानपणी ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्यावर मोठेपणी पुन्हा होण्याची शक्यता खरंच जास्त असते?

हो, जास्त असते. अमेरिकेत १९८० च्या दशकात घरातल्याच माणसाकडून लैंगिक अत्याचार झालेल्या मुलींचा एक अभ्यास सुरू झाला. जेनी नोल, पेनलोपी ट्रिकेट आणि फ्रँक पटनम या संशोधकांनी त्या मुलींची आणि त्यांच्याच वयाच्या, तशाच घरांतल्या इतर मुलींची वर्षानुवर्षं माहिती घेतली. तरुणपणी पुन्हा लैंगिक अत्याचार होण्याचं प्रमाण पहिल्या गटात जवळजवळ दुप्पट निघालं. मारहाणीचंही तसंच. २०१९ साली अशा ८० अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या १२ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती होती, आणि पुढे पुन्हा लैंगिक अत्याचार झालेल्यांचं सरासरी प्रमाण सुमारे ४८ टक्के आलं.

हा आकडा वाचून घाबरू नका, पण तो झटकूनही टाकू नका. निम्म्याहून अधिक जणांच्या वाट्याला पुन्हा तसं काही आलं नाही, हेही तोच आकडा सांगतो. सरासरी म्हणजे कोणाची जन्मपत्रिका नव्हे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हा धोका फक्त लैंगिक अत्याचारापुरता नाही. कॅथी स्पॅट्झ विडम यांनी अमेरिकेत कोर्टाच्या दप्तरी नोंद असलेल्या मुलांचा ती मोठी होईपर्यंत मागोवा घेतला. ज्यांना लहानपणी बेदम मारलं गेलं, किंवा ज्यांच्याकडे कोणी पाहिलंच नाही, जेवणखाण आणि दुखणंखुपणंसुद्धा नाही, त्यांच्याही वाट्याला पुढच्या आयुष्यात जास्त हिंसा आली. आपल्याकडे "मारलं म्हणून काय झालं, आम्हीही मार खाऊनच मोठे झालो" असं म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

हे सगळं तिकडचं झालं. आपल्याकडे काय?

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी तोवर हे कोणालाही सांगितलेलं नव्हतं. या शेवटच्या वाक्याचा पुढच्या प्रश्नांशी फार जवळचा संबंध आहे.

पण पुन्हा तिच्याच बाबतीत का? टाळी एका हाताने वाजत नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. विचारणारे दुष्ट नसतात. कधी सख्खी मावशी असते, कधी ती स्वतःच असते.

उत्तर उलट्या बाजूने सुरू करू. अत्याचार करणारा माणूस आंधळेपणाने कोणावरही झडप घालत नाही. तो हेरतो. कोणाच्या मागे बोलणारं कोणी नाही, कोणी तक्रार केली तर "हिचं नेहमीचंच आहे" असं म्हटलं जाईल, कोणाला दोन प्रेमाच्या शब्दांची भूक आहे, हे त्याला दिसतं. आधी छोटीशी मर्यादा ओलांडून पाहतो: नको तिथे हात, नको तो विनोद. समोरची व्यक्ती गप्प राहिली तर पुढचं पाऊल. लहानपणी ज्या मुलीचं "नको" कोणी ऐकलं नाही, तिला या पहिल्या पायरीवर गप्प बसायची सवय लावलेली असते. ती सवय तिने स्वतःहून घेतली नाही, तिच्या अंगात मुरवली गेली.

त्यात परिस्थितीची भर पडते. ज्या घरात अत्याचार झाला त्या घरातून मुलगी लवकर बाहेर पडायला पाहते. मग हाती येते ती कमी पगाराची नोकरी, परक्या शहरातली खोली, पहिला जो बरा बोलला त्याच्याशी लग्न. झोप लागावी म्हणून गोळ्या, विसरायला होतं म्हणून दारू. या प्रत्येक गोष्टीमुळे ती वाईट माणसांच्या जास्त जवळ आणि मदतीपासून जास्त लांब जाते. घराला कुलूप नव्हतं म्हणून चोरी झाली असं आपण म्हणतो तेव्हाही चोर चोरच असतो. आणि इथे तर कुलूप लहानपणीच कोणीतरी दुसऱ्याने तोडून नेलेलं असतं.

म्हणून "तिच्यातच काहीतरी आहे" हे वाक्य आम्ही मान्य करत नाही. धोका वाढतो हे खरं. दोष तिच्याकडे सरकतो हे खोटं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मग यांना धोका कळत कसा नाही?

म्हण बरोबर आहे, पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: पोळलं तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं की हो बाळ, दूध गरम होतं. या मुलांना काय सांगितलं जातं? "काका असे नाहीत." "तुला स्वप्न पडलं असेल." "मोठ्या माणसांबद्दल असं बोलतात का?" तोंड पोळलेलं असताना दूध गारच होतं असं ऐकत वाढलेलं मूल स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवायचं सोडतं.

जेनिफर फ्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याला विश्वासघाताचा आघात म्हटलं. जो जेवू घालतो, शाळेची फी भरतो, तोच त्रास देत असेल तर मुलाला त्याच्यापासून पळता येत नाही. जगायचं तर त्याच्याशी नातं टिकवावं लागतं, आणि नातं टिकवायचं तर कळलेलं न कळल्यासारखं करावं लागतं. मन हे जाणूनबुजून करत नाही. लहानपणी याच युक्तीने मूल तगतं. पंचविसाव्या वर्षी तीच युक्ती घात करते: समोरचा माणूस खोटं बोलतोय हे पोटात कुठेतरी जाणवतं, आणि मन सवयीने तो आवाज बंद करतं.

काहींचं याच्या नेमकं उलट होतं. त्यांच्या डोक्यातली घंटा चोवीस तास वाजत असते: लिफ्टमध्ये, रिक्षात, घरात पाहुणे आले तरी. सतत वाजणाऱ्या घंटेचाही उपयोग नसतो, कारण खरी आग लागली तेव्हा ती वेगळी ऐकू येत नाही.

ती ओरडली का नाही? हात झटकून पळून का गेली नाही?

कारण शरीर थिजलं. भीतीला शरीराचं उत्तर फक्त लढणं किंवा पळणं एवढंच नसतं. सुटका नाही असं मेंदूला वाटलं की हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर महिनाभरात रुग्णालयात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७० टक्के जणींनी ठळकपणे थिजल्याचं सांगितलं, आणि जवळजवळ निम्म्या अगदी पूर्ण थिजल्या होत्या. ज्यांनी आधी आघात सोसला होता त्यांच्यात हे जास्त दिसलं.

लहानपणी ज्या शरीराला "आता काही करता येणार नाही, हे संपेपर्यंत पडून राहा" हे शिकवलं गेलं, ते मोठेपणी त्याच रस्त्याने जातं. तेव्हा "प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती" हे वाक्य पुन्हा उच्चारण्याआधी थांबावं. कायदाही तसं मानत नाही: शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही, हे बलात्काराच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे.

आम्ही ते घरातल्या घरात मिटवलं. त्याला दम दिला, मुलीला समजावलं. आता तरी ठीक ना?

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे अब्रूच्या हिशेबात ठीक असेल. मुलीच्या हिशेबात याचा अर्थ असा, की तो माणूस गणपतीला येणार, लग्नकार्यात पंक्तीला बसणार, आणि तिने त्याच्या पाया पडायचं. दुसरा अत्याचार अनेकदा नव्या माणसाकडून होतच नाही. तोच माणूस, तेच घर, फक्त आता त्याला खात्री पटलेली असते की काही होत नाही.

शिवाय हा मामला घरचा राहत नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आई, शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, कोणीही. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मुलाला त्याच घरात ठेवणं धोक्याचं असेल तर बाल कल्याण समिती दुसरी सोय करू शकते, आणि खटला चालेपर्यंत कुटुंबाच्या बरोबर राहणारी एक सपोर्ट पर्सन नेमून देऊ शकते. ही शेवटची सोय फार थोड्यांना माहीत असते. मागून घ्या.

दम देण्याबद्दल एवढंच: ज्याला दम दिला तो सावध होतो, सुधारत नाही.

मुलगी बिघडण्याआधी लग्न लावून दिलं तर ती सुरक्षित होईल ना?

"बिघडण्याआधी" हा शब्द आधी बाजूला ठेवू. बिघडवलं दुसऱ्याने.

या विचारामागची भीती मात्र खरी आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात. आईबाप पाच-सहा महिने फडावर, मुलगी मागे म्हाताऱ्या आजीजवळ. तिच्यावर एकदा कोणाचा हात पडला, किंवा पडेल अशी धास्ती वाटली, की घरात एकच तोडगा निघतो. त्यात उचल मिळते ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर, त्यामुळे लग्नाला पैशाचंही कारण मिळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांनी आपलं लग्न १८ च्या आत झाल्याचं सांगितलं.

पण सुरक्षितता म्हणून दिलेलं हे लग्न आम्ही जितक्या वेळा जवळून पाहिलं, तितक्या वेळा त्यात एकच गोष्ट दिसली: ज्या मुलीला "नको" म्हणता येत नव्हतं, ती आता अशा खोलीत आहे जिथे "नको" म्हणणं म्हणजे उद्धटपणा. सासरी तिचं आधीचं कळलं तर ते हत्यार म्हणून वापरलं जातं. कळू नये म्हणून ती जन्मभर धास्तीत.

कायदा इथे तिच्या बाजूने आहे. १८ वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी स्पष्ट केलं. बालविवाह झालेली मुलगी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तो विवाह रद्द करून घेऊ शकते. १८ च्या पुढे लग्नातल्या बलात्काराला आपल्याकडे अजून तो दर्जा नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात मात्र लैंगिक छळ येतो आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं.

मुलग्यांच्या बाबतीतही असं होतं?

होतं. २००७ च्या त्याच अहवालात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते. पोक्सोत मुलगा-मुलगी भेद नाही. पण मुलगा बोलला तर घरात हसतात, आणि हसण्याने तोंड जितकं बंद होतं तितकं मारानेही होत नाही. वसतिगृहात, तालमीत, पहिल्या नोकरीच्या ठिकाणी त्याला पुन्हा कोणी त्रास दिला तर तो सांगायलाही जात नाही.

वयाच्या १८ नंतर त्याच्यासाठी कायदाही तोकडा आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत पुरुषावरच्या लैंगिक जबरदस्तीला लावता येणाऱ्या जुन्या ३७७ कलमाच्या जागी काहीच नाही, आणि बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरतीच आहे. प्रौढ पुरुषाला मग दुखापत, डांबून ठेवणं अशा कलमांचा आधार शोधावा लागतो. ही मोठी उणीव आहे आणि तिच्याबद्दल बोललं जात नाही.

तक्रार केली तर "हिच्यावर आधीही झालं होतं" हे कोर्टात माझ्याच विरुद्ध वापरतील का?

वापरायची परवानगी नाही. तरी प्रयत्न होतो, म्हणून हे नीट समजून घ्या.

हा इतिहास महाराष्ट्राच्याच मातीतला आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा खटला झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिला शरीरसंबंधांची सवय होती, असले मुद्दे त्या खटल्यात तिच्या विरुद्ध गेले. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

पुढे पुराव्याच्या कायद्यातही बदल झाले. संमतीचा प्रश्न असताना स्त्रीचा आधीचा लैंगिक अनुभव किंवा चारित्र्य हा मुद्दा गैरलागू ठरतो. डॉक्टरांची ती कुप्रसिद्ध दोन बोटांची चाचणी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चुकीची ठरवली, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ ला पुन्हा बजावलं, की तिला शास्त्रीय आधार नाही आणि ती पीडितेवर नव्याने अत्याचार करते. कोणी ही चाचणी करू पाहिली तर नाही म्हणा, आणि तसं लिहून घ्या.

मूल १८ च्या आत असेल तर आणखी काही गोष्टी हक्काने मागता येतात. जबाब घरी घेता येतो, पोलिसांनी गणवेशात यायचं नाही. कोर्टात वकिलाने थेट मुलाला नव्हे, न्यायाधीशांमार्फत प्रश्न विचारायचे. मुलाला पुन्हापुन्हा साक्षीला बोलवायचं नाही, आरोपी समोर दिसू द्यायचा नाही. प्रत्यक्षात हे सगळीकडे पाळलं जात नाही. माहीत असलं की निदान अडून बसता येतं.

माझं वय आता ३४ आहे. तेव्हाची तक्रार आज करता येते?

गंभीर लैंगिक गुन्ह्यांना मुदतीचं बंधन नाही. घटना नोव्हेंबर २०१२ नंतरची असेल तर पोक्सो लागू होतो, त्याआधीची असेल तर तेव्हाची भारतीय दंड संहिता. इतक्या वर्षांनी पुरावा उभा करणं अवघड जातं, हे मात्र स्पष्ट सांगायला हवं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकिली सल्ला मिळतो. आधी तिथे बोला, मग ठरवा. तक्रार न करणं हाही तुमचा निर्णय असू शकतो. फक्त तो माणूस आज दुसऱ्या मुलांच्या आसपास आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

यातून बाहेर पडता येतं का? की हे असंच राहणार?

पडता येतं. वेळ लागतो, आणि मध्ये एखादा टप्पा असा येतो की आधीपेक्षा जास्त वाईट वाटतं, कारण बधिर झालेली जागा पुन्हा दुखायला लागते. तिथे बरेच जण उपचार सोडतात. सोडू नका, समुपदेशकाला सांगा.

आघातावर काम करणाऱ्या उपचारपद्धती आहेत. आघाताचा विचार करून बांधलेली सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर बोलून काम करणारी पद्धत) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्रासदायक आठवणींवर काम करणारी पद्धत) या दोन नावांनी शोधलंत तर चालेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात २०२२ पासून गुंतागुंतीच्या पीटीएसडीला, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजाराच्या एका प्रकाराला, वेगळी जागा मिळाली आहे. वर्षानुवर्षं चाललेल्या बालपणीच्या अत्याचारानंतर जे दिसतं ते त्यात बरंचसं बसतं. पहिल्याच भेटीत समुपदेशकाला विचारा: तुम्ही लैंगिक अत्याचारावर काम केलंय का, आणि गोपनीयता कुठपर्यंत? "क्षमा करा, पुढे चला" हे पहिल्याच तासाला सांगणारा समुपदेशक बदलावा, असं आमचं स्पष्ट मत.

पुन्हा होऊ नये यासाठी शिकवता येतं का? काही अंशी. कॅनडात शार्लीन सेन यांनी विद्यापीठात नव्याने आलेल्या सुमारे ९०० मुलींवर चार सत्रांचा एक कार्यक्रम करून पाहिला. वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण कार्यक्रम न मिळालेल्या गटात ९.८ टक्के होतं, मिळालेल्या गटात ५.२. त्यात कराटे कमी आणि दुसरंच जास्त होतं: ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखणं, आणि "त्याला वाईट वाटेल" या विचाराला बाजूला सारून मध्येच उठून जाणं. आपल्या मुलींना अनोळखी माणसापासून सावध राहायला शिकवलं जातं. ओळखीच्याला दुखवायला कोणीच शिकवत नाही.

बायकोने लग्नानंतर सहा वर्षांनी मला सांगितलं. मी काय बोलू?

"बरं झालं सांगितलंस. तुझी चूक नव्हती." एवढं पुरे. कोण होता, कुठे, किती वेळा, हे तिने सांगितल्याशिवाय विचारू नका. त्याला जाऊन मारायची भाषा करू नका, नाहीतर तिला आता तुम्हालाही सांभाळावं लागेल. आणि इतकी वर्षं का लपवलंस हा प्रश्न मनात आला तर गिळून टाका.

मी पण माझ्या मुलांशी असं वागेन का?

अत्याचार सोसलेले बहुतेक लोक पुढे कोणावरही अत्याचार करत नाहीत. ही भीती बाळगणारे आईबाप आम्हाला भेटले ते बहुधा अतिकाळजी करणारेच होते: मुलांना कोणाकडे एक रात्र राहू देत नाहीत, आजोळीसुद्धा नाही. तिथेही थोडी मदत घ्या.

आज रात्रीच कोणाशी तरी बोलायचं असेल तर?

मुलांसाठी १०९८. स्त्रियांसाठी १८१. आत्ता धोका असेल तर ११२. मन फार खचलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं. लैंगिक अत्याचारात दुखापत झाली असेल तर सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने उपचार मोफत आणि लगेच करायचे असतात, पोलिसांचा कागद आधी आणा असं म्हणता येत नाही. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्द मागाहून बघतात. घरात फोन दुसरं कोणी तपासत असेल तर कॉल केल्यावर नंबर यादीतून काढून टाका.